बँडमास्तर म्हटलं तर बिघडलं कुठे?

रोनाल्ड हारवुडच्या 'टेकिंग साइड्स' या नाटकात अमेरिकन मेजर स्टीव्ह आर्नल्ड समोरच्या माणसाला पुन्हा पुन्हा एकाच शब्दाने हिणवतो. इंग्रजीत तो शब्द आहे 'बँडलीडर'. आपल्याकडे त्याला सरळ 'बँडमास्तर' म्हणता येईल. आणि समोर बसलेला माणूस आहे विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर, 1922 पासून बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या कंडक्टरांपैकी एक. मेजर 'बँडमास्तर' म्हणाला की प्रेक्षक कसनुसे होतात. अशा माणसाला असं बोलतात का? या अडाण्याला संगीतातलं काय कळतं?

माझं म्हणणं असं आहे की अख्ख्या नाटकातला सर्वांत खरा शब्द तोच आहे. तो शिवी म्हणून वापरला गेला आणि आपण तो शिवी म्हणूनच ऐकला, तिथेच सगळं फसलं. फसणारं हे एकटंच नाटक नाही. प्रसिद्ध कंडक्टर रंगमंचावर किंवा पडद्यावर आला की त्याचं प्रेम, त्याचा अहंकार, त्याचं लफडं, त्याचा घाम, सगळं दाखवतात. त्याचं काम तेवढं गाळतात. आणि काम गाळलं की त्याच्याबद्दलचा नैतिक प्रश्नही चुकीचा मांडला जातो.

आधी नाटकाबद्दल. 1995 मध्ये ते इंग्लंडमध्ये चिचेस्टरला पहिल्यांदा झालं. दिग्दर्शक हॅरॉल्ड पिंटर, फुर्टव्हेंग्लरच्या भूमिकेत डॅनियल मॅसी, मेजरच्या भूमिकेत मायकेल पेनिंग्टन. 2001 मध्ये हंगेरियन दिग्दर्शक इश्तवान साबोने त्यावर सिनेमा केला. त्यात स्टेलान स्कार्सगार्ड फुर्टव्हेंग्लर आहे आणि हार्वी कायटेल मेजर. आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय तो हा सिनेमा. काळ 1946, गाव बेचिराख बर्लिन. नाझी राजवटीत देश न सोडलेल्या फुर्टव्हेंग्लरची चौकशी मेजरकडे आहे. मेजर हे पात्र काल्पनिक आहे. खऱ्या फुर्टव्हेंग्लरचं प्रकरण डिसेंबर 1946 मध्ये बर्लिनमधल्या नाझीमुक्ती समितीपुढे चाललं, त्याला दोषमुक्त ठरवलं गेलं आणि मे 1947 मध्ये तो पुन्हा बर्लिन फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला.

या नाटकाची ख्याती अशी की ते बाजू घेत नाही, बाजू घ्यायचं काम प्रेक्षकांवर सोडतं. मला हे पटत नाही. संवादांचं वजन दोन्ही पारड्यांत सारखं असेलही, पण पारडं कानाने झुकवलंय. मेजर युद्धाआधी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करणारा. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, तो ओरडतो, अपमान करतो. त्याच्या हाताखालचा ज्यू लेफ्टनंट लहानपणी फुर्टव्हेंग्लरला ऐकून भारावलेला. टायपिस्ट मुलगी हिटलरविरोधी कटात मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याची, तिलाही फुर्टव्हेंग्लरबद्दल नितांत आदर. म्हणजे ज्यांना कान आहेत ते सगळे एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एकटा रेडा. तिकीट काढून आलेला रसिक प्रेक्षक रेड्याच्या बाजूला कशाला जाईल?

वर मधूनमधून संगीत वाजतं. मेजर ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीतला संथ भाग लावतो आणि सांगतो की हिटलरच्या मृत्यूनंतर रेडिओने हेच वाजवलं, तुझं. हा त्याचा हुकमाचा पत्ता. पण प्रेक्षागृहात काय होतं पाहा. आरोप एका वाक्यात संपतो, ब्रुकनर कानात वाजत राहतो. शेवटी मेजर फोनवर त्या माणसाला कसं अडकवायचं ते बोलत असतो, आणि लेफ्टनंट मुद्दाम मोठ्या आवाजात बीथोवनची रेकॉर्ड लावतो. मेजरचा आवाज बुडतो. याला बाजू न घेणं म्हणत असतील तर वकिलाने युक्तिवादाऐवजी न्यायाधीशाला गुंगीचं औषध दिलं तरी चालायला हवं.

आता त्या शब्दाकडे येतो. मराठीत नुसतं 'कंडक्टर' म्हटलं तर आधी एसटी आठवते. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांमुळे दुसरा अर्थही आपल्याला परका राहिलेला नाही. हा दुसरा कंडक्टर करतो काय? अख्ख्या मंचावर आवाज न काढणारा माणूस तो एकटाच. व्हायोलिनवाल्याकडे व्हायोलिन असतं, कवीकडे कागद असतो, चित्रकार खोलीचं दार लावून घेऊ शकतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे शंभरेक माणसं. त्यांना पगार असतो, कुटुंबं असतात, मतं असतात. कोणाला घ्यायचं, कोणाला पुढच्या खुर्चीवर बसवायचं, कुठला कार्यक्रम करायचा, कुठे दौरा न्यायचा, तालमींना किती वेळ मागायचा आणि पैसे कोणाकडून आणायचे, हा सगळा कारभार म्हणजे त्याची कला नव्हे हे खरं. पण त्या कारभाराशिवाय त्याच्या कलेतून एक सूरही निघत नाही.

म्हणून 'मी एकटा कलावंत, मला राजकारणाशी काय घेणं' हा बचाव इतर कोणाला शोभला तरी कंडक्टरला शोभत नाही. त्याचं वाद्यच मुळी एक संस्था आहे. बर्लिन फिलहार्मोनिक 1933 च्या सुमारास आर्थिक गाळात होती. 1934 मध्ये ती राइशच्या मालकीची झाली आणि गोबेल्सच्या मंत्रालयाखाली आली. वादक सरकारी नोकर झाले. युद्ध सुरू झाल्यावर त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळाली, म्हणजे व्हायोलिन हातात असलं की बंदूक हातात येत नव्हती. शिमॉन गोल्डबर्ग हा वाद्यवृंदाचा मुख्य व्हायोलिनवादक, ज्यू. 1934 मध्ये तो गेला. आणखी ज्यू वादकही गेले. फेब्रुवारी 1942 मध्ये स्वस्तिकाची निशाणं लावलेल्या एका वीजसामग्रीच्या कारखान्यात फुर्टव्हेंग्लरने कामगारांपुढे वाग्नर वाजवला. त्याची फिल्म प्रचारासाठीच काढलेली होती.

या यादीत कुठेही 'कला विरुद्ध राजकारण' असा भारदस्त प्रश्न नाही. प्रश्न साधे आहेत. गोल्डबर्गच्या जागी कोण बसलं? कोणाच्या सहीने? पगार कोणत्या खात्यातून यायचा? दौऱ्याचं वेळापत्रक कोणी ठरवलं? विमा दाव्यांची तपासणी करणाऱ्या माणसाने विचारावेत असेच हे प्रश्न. हारवुडने नेमका तसाच माणूस निर्माण केला आणि त्याला हे विचारूच दिले नाहीत. त्याऐवजी त्याच्या तोंडी शिव्या दिल्या. तो खऱ्या प्रश्नाच्या जवळ जातो तेव्हाही, म्हणजे करायनला आपली जागा मिळेल या भीतीने तू थांबलास असं म्हणतो तेव्हाही, गाडी मत्सर आणि बायकांच्या भानगडींवर घसरते. जागा, नेमणुका, सत्ता हा विषय समोर आलेला असतो, आणि नाटक त्याची चहाडी करून टाकतं.

फुर्टव्हेंग्लरच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते लपवायची मला गरज नाही. तो नाझी पक्षाचा सदस्य कधीच नव्हता, करायन होता. एप्रिल 1933 मध्ये त्याने गोबेल्सला जाहीर पत्र लिहून ब्रूनो वॉल्टर, क्लेम्परर अशा कलावंतांची बाजू घेतली. 1934 च्या अखेरीस हिंडेमिथचा बचाव करणारा लेख लिहिला, त्यावरून वादळ उठलं आणि त्याने पदांचा राजीनामा दिला. अनेक ज्यू संगीतकारांना त्याने मदत केली. व्याप्त फ्रान्समध्ये त्याने कार्यक्रम केले नाहीत. यहुदी मेन्युहिनसारखा ज्यू व्हायोलिनवादक युद्धानंतर त्याच्या पाठीशी उभा राहिला तो उगाच नाही.

पण ही यादी नीट वाचा. पत्र लिहिणं, शब्द टाकणं, नोकरी वाचवणं, राजीनामा देणं, नकार देणं. त्याची चांगली कामंही बँडमास्तरचीच कामं आहेत. बीथोवनच्या नवव्या सिंफनीने कोणाचा जीव वाचवला नाही. वाचवला असेल तर एखाद्या फोनने, एखाद्या चिठ्ठीने. म्हणजे जमा आणि खर्च दोन्ही एकाच वहीत आहेत, आणि नाटक ती वही उघडतच नाही. हा अन्याय फुर्टव्हेंग्लरवरही आहे. त्याच्या धैर्याचा हिशेब न करता त्याला आपण त्याच्या प्रतिभेवर सोडून देतो.

साबोच्या सिनेमाचा शेवट आठवा. तिथे खरं चित्रीकरण येतं, एप्रिल 1942 मधलं. हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी नववी सिंफनी संपते, गोबेल्स पुढे येऊन हात मिळवतो, आणि फुर्टव्हेंग्लरच्या हातात रुमाल दिसतो. गोबेल्सचा स्पर्श पुसला का त्याने? सिनेमा आपल्याला त्या हाताकडे टक लावून बघायला लावतो. त्या रुमालावर किती चर्चा झाली असेल! मला हा रुमाल म्हणजे पळवाट वाटते. तासभर हात हलवलेल्या माणसाच्या हातात रुमाल असतोच. पुसलाही असेल, मान्य. पण त्याच चित्रात त्याच्या मागे वाद्यवृंद बसलाय, वर गायकवृंद उभा आहे. सगळी माणसं बंधू आहेत असं ज्या रचनेचं सांगणं, ती रचना त्या संध्याकाळी त्या सभागृहात वाजली. कोणत्या खुर्च्यांवर आठ वर्षांपूर्वी दुसरी माणसं बसायची, हा प्रश्न रुमालापेक्षा मोठा आहे. कॅमेऱ्याने जवळ जाण्याऐवजी मागे यायला हवं होतं.

या सिनेमात एक माणूस मात्र पुरेपूर खरा आहे: हेल्मुट रोडे, दुसऱ्या रांगेतला व्हायोलिनवादक. तो नाझींना खबरा पुरवायचा, आता मेजरला पुरवतो. त्याची भीती, लाचारी, मधूनच उफाळणारा अभिमान हे सगळं साबोला आतून ठाऊक आहे असं वाटतं. 2006 मध्ये उघड झालं की 1956 च्या उठावानंतर, चित्रपटशिक्षण घेत असताना, साबो स्वतः हंगेरियन गुप्त पोलिसांना अहवाल देत होता. हे मी त्याला खाली पाडायला सांगत नाही. उलट मला यातून एवढंच दिसतं की ज्या कामाची माहिती असते ते काम पडद्यावर जिवंत होतं. साबोला खबऱ्याचं काम कळलं होतं. कंडक्टरचं काम मात्र त्याने हवेत हलणाऱ्या हातांवर भागवलं.

हाच आजार 2023 च्या 'माएस्ट्रो'ला आहे, फक्त जास्त महागड्या कपड्यांत. ब्रॅडली कूपरने लिओनार्ड बर्नस्टाइन साकारला. ईली कॅथेड्रलमधल्या माहलरच्या दुसऱ्या सिंफनीच्या जेमतेम सहा मिनिटांच्या प्रसंगासाठी त्याने सहा वर्षं तयारी केली असं त्यानेच सांगितलंय. मेहनतीला सलाम. समोर लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा खरोखर वाजवतेय, हा घामाने निथळतोय, डोळे आकाशाला लागलेत. संगीत संपतं, बाजूला पत्नी फेलिसिया उभी असते, आणि वर्षानुवर्षांची फसवणूक, भांडणं, अपमान सगळं त्या मिठीत विरघळतं. पुन्हा तेच! बर्लिनमध्ये बीथोवनने निर्दोष सोडलं, इथे माहलरने. संगीताला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं, त्याची उलटतपासणी करायची नाही आणि थेट निकाल घ्यायचा.

बर्नस्टाइनच्या आयुष्यात दाखवण्यासारखं काय कमी होतं? 1953 मध्ये राजकीय मतांमुळे त्याच्या पासपोर्टचं नूतनीकरण अडलं होतं. 1970 मध्ये त्याच्या घरी ब्लॅक पँथर्सच्या खटल्यासाठी निधी गोळा झाला आणि त्यावरून त्याची यथेच्छ टवाळी झाली. ज्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये नाझी काळात कित्येक वादक पक्षाचे सदस्य होते, त्याच वाद्यवृंदाकडून या ज्यू माणसाने नाझींनी बंदी घातलेला माहलर वाजवून घेतला. त्या तालमींची कल्पना करा! पहिल्या दिवशी तो आत आला तेव्हा जुन्या वादकांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल? तिथे एक संपूर्ण नाटक आहे. पण त्यासाठी कंडक्टर कामावर असताना दाखवावा लागतो, आणि आपल्याला तो एक तर अंथरुणात हवा असतो नाहीतर समाधीत.

कोणी म्हणेल, तालीम कोण बघणार? कंटाळवाणी गोष्ट. खोटं आहे. फेलिनीने 1978 मध्ये 'ऑर्केस्ट्रा रिहर्सल' केला. युनियनची भांडणं, वादकांचं बंड, भिंत फोडणारा लोखंडी गोळा, आणि शेवटी हुकूमशहासारखा ओरडणारा कंडक्टर. सव्वा तासात सत्तेबद्दल तो जेवढं सांगतो तेवढं रुमाल सांगत नाही. 'टार'मध्येही तेच. लिडिया टार हे पात्र काल्पनिक, आणि ऑर्केस्ट्रा चालवणारी बाई अखेर पडद्यावर आली तीच शोषण करणारी म्हणून आली, यावर मॅरिन ऑल्सपसारख्या खऱ्या कंडक्टरने घेतलेला आक्षेप रास्त आहे. पण त्या सिनेमाला हे काम काय असतं ते कळलंय. पडद्याआड चाललेल्या निवड चाचणीत टारला उमेदवाराचे बूट दिसतात आणि ती आपल्या कागदावरचा शेरा बदलते. आवडत्या मुलीला वाजवता यावं म्हणून कार्यक्रमात एक कन्चेर्टो घुसवते. वर्षानुवर्षं राबलेल्या सहायिकेला डावलते. तिथे माहलर कोणालाही माफ करत नाही. बँडमास्तर काय करू शकते हे एका खोडलेल्या शेऱ्यात दिसतं.

खरीखुरी तालीम पाहायची असेल तर कार्लोस क्लायबरची 1970 मधली श्टुटगार्टची पाहा, चित्रित केलेली आहे. तो थांबवतो, पुन्हा थांबवतो, गोष्टी सांगतो, आर्जवं करतो, पुन्हा थांबवतो. हळूहळू तेच वादक वेगळे वाजू लागतात. जादू वगैरे काही नाही. एक माणूस इतर माणसांना काहीतरी पटवून देतोय. ज्याला माणसांना एवढं पटवता येतं, त्याच्यावर जबाबदारीही तेवढीच येते.

या कार्लोसचा बाप एरिक क्लायबर. 1934 मध्ये तो बर्लिनच्या सरकारी ऑपेराचा प्रमुख कंडक्टर होता. ज्यू नव्हता, कोणी त्याला हाकललं नव्हतं. नोव्हेंबरअखेर त्याने आल्बान बेर्गच्या 'लुलू'मधलं संगीत सादर केलं, जे राजवटीला रुचणारं नव्हतं. डिसेंबरमध्ये राजीनामा दिला. त्याच महिन्यात फुर्टव्हेंग्लरनेही राजीनामा दिला होता. फुर्टव्हेंग्लर काही महिन्यांत परत उभा राहिला. क्लायबर देश सोडून गेला, अर्जेंटिनाचा नागरिक झाला, आणि त्याचा मुलगा ब्यूनोस आयर्समध्ये वाढला. फुर्टव्हेंग्लरवरच्या चर्चेत शेवटी हमखास एक प्रश्न येतो, 'तू असतास तर गेला असतास का?' हा प्रश्न समोरच्याचं तोंड बंद करायला विचारतात. मी गेलो असतो की नाही याने काहीही सिद्ध होत नाही. क्लायबर गेला होता, एवढं मात्र सिद्ध आहे. पण क्लायबरवर गाजलेलं नाटक झालं नाही. सामान बांधून निघून जाणाऱ्या माणसावर दोन अंकी वाद रंगत नाही. थांबलेल्या माणसावर रंगतो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वाद्यवृंदांशी माझा संबंध कानापुरता. मग एवढा त्रागा कशाला? कारण आमच्या क्षेत्रात हा सिनेमा फार आवडीने पाहिला जातो आणि तो का आवडतो हे मला माहीत आहे. 'आपण टेक्निकल माणसं, सिस्टिम बनवणं आपलं काम, ती कोण कशाला वापरतं ते क्लायंट बघेल' हे वाक्य मी मीटिंगांमध्ये इतक्यांदा ऐकलंय की ते मला झोपेतही म्हणता येईल. चेहरे ओळखणारी यंत्रणा असो, नाहीतर माणसांच्या याद्या गाळणारी. कोड सुंदर असतो, खरंच सुंदर असतो, आणि त्या सौंदर्याच्या आड एक आख्खी टीम, एक बजेट आणि एक सही नाहीशी होते. फुर्टव्हेंग्लरकडे पाहून आमच्यातल्या हुशार लोकांना दिलासा मिळतो: पाहा, एवढा मोठा माणूसही हेच म्हणत होता. तो दिलासा मला काढून घ्यायचाय. तो मोठा होता याबद्दल वाद नाही. त्याच्या मोठेपणाचा बचाव म्हणून वापर करण्याबद्दल आहे.

तेव्हा कंडक्टरवर पुढचं नाटक लिहिणाऱ्याकडे माझी मागणी साधी आहे. बीथोवन शेवटच्या प्रवेशाला लावू नका. पहिल्या प्रवेशात टेबलावर हजेरीपट ठेवा. नावं मोठ्याने वाचा, 1932 ची आणि 1942 ची. कोणतं नाव कधी गळलं आणि त्या दिवशी तालीम किती वाजता सुरू झाली, ते विचारा. चौकशी करणारा मेजर असो की कारकून, त्याला संगीत कळत नसलं तरी चालेल. हजेरीपट वाचायला संगीत कळावं लागत नाही. आणि समोरचा माणूस दुखावून म्हणाला की मी कलावंत आहे, तर त्याला शांतपणे सांगा, होय, आणि बँडमास्तरही आहात. बसा. अजून बरीच नावं वाचायची आहेत.